मनू, तुझ्या एथिकच्या तासासाठी

प्रिय मनू,

काल रात्री तू विचारलंस की एथिकच्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या, तासाला प्रत्येकाने सांगायचंय, आपल्या घरात माणूस कशासाठी जगतो असं मानतात, आणि मग म्हणालीस, "आई, आपण मराठी लोक नक्की काय मानतो? आजोबा विठ्ठल विठ्ठल करतात, बाबा म्हणतो देव नाही, तू दिवा लावतेस पण उपास करत नाहीस, मी लिहू काय?" तेव्हा उशीर झाला होता म्हणून झोपायला पाठवलं तुला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून आज ट्रेनमध्ये बसून लिहितेय. मराठीतच लिहितेय, सावकाश वाच, अडलं की विचार.

तर आपलं असं एकच एक उत्तर नाहीये. नेटवर शोधलंस तर धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ सापडतील, म्हणजे नीट वागावं, पैसा मिळवावा, सुख घ्यावं आणि शेवटी जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटावं. जुन्या ग्रंथांत हे आहेच, एक स्लाइड त्यावर कर. पण आमच्या घरात मोक्ष पाहिजे म्हणून कोणी काही करतंय असं मी तरी कधी पाहिलं नाही, आजोबांनाही नाही.

आजोबांचं बघ. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, रोज संध्याकाळी हरिपाठ, आणि पाय चालत होते तोवर दरवर्षी आषाढीची वारी. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते, देहूहून तुकोबांची, आणि जवळजवळ तीन आठवडे माणसं चालतात, पावसात, चिखलात, रात्री कुणाच्या ओसरीवर नाहीतर तंबूत झोपायचं, पहाटे टँकरखाली अंघोळ, परत चालायला लागायचं. आणि एवढं करून पंढरपूरला पोचल्यावर दर्शनाची रांग इतकी लांब असते की कितीतरी वारकरी आत जातच नाहीत, चंद्रभागेत स्नान करतात, नामदेवाच्या पायरीला डोकं टेकवतात, बाहेरूनच कळसाला हात जोडतात आणि एसटी पकडून घरी. लहान असताना मी आजोबांना विचारलं होतं, मग देव भेटलाच नाही ना तुम्हाला? ते म्हणाले, अगं वाटेवर सगळ्यांच्या पाया पडतच आलो की. वारीत खरंच तसं करतात, कोण लहान कोण मोठा न बघता एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात, सत्तर वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो.

आणि कीर्तन संपताना जो तुकोबांचा अभंग म्हणतात ना, हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा, तो नीट ऐक एकदा. त्यात सरळ आहे, "न लगे मुक्ती धन संपदा", आणि शेवटी तर तुका म्हणे आम्हाला खुशाल परत जन्माला घाल. म्हणजे ज्या सुटकेसाठी ऋषीमुनी तप करत बसले ती ह्यांना नकोच आहे, ह्यांना परत यायचंय, फक्त नाम आणि चांगल्या माणसांची संगत पाहिजे. अरणचे सावता माळी तर कांदा, मुळा, भाजी हीच माझी विठाई म्हणाले आणि मळ्यातच राहिले. मला हे फार आवडतं, तुला आजोबांचं उत्तर लिहायचं असेल तर मोक्ष लिहू नकोस, हे लिही.

आता बाबा. बाबाला देवाचा राग आहे असं तुला वाटतं, तसं नाहीये, त्याला राग आहे तो दुसऱ्याच एका अभंगाचा. "ठेविले अनंते तैसेचि रहावे, चित्ती असू द्यावे समाधान", हाही तुकोबांचाच, आणि आजोबा अडचणीत हाच म्हणतात, त्याने त्यांना खरंच बळ येतं, मी पाहिलंय. बाबाचं म्हणणं असं की ज्याला उपाशी ठेवलंय, गावाबाहेर ठेवलंय, त्याला जसं ठेवलंय तसाच राहा म्हणणं हा अन्याय आहे. ह्यावर त्या दोघांचं दर दिवाळीला वाजतं आणि मी मध्ये पडत नाही, कारण हा काही नुसता घरातला वाद नाही, महाराष्ट्र ह्यावर शेकडो वर्षं भांडतोय.

चोखामेळा विठ्ठलाचे केवढे मोठे भक्त, पण महार म्हणून त्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराच्या बाहेर पायरीपाशी आहे. चौदाव्या शतकातली गोष्ट, आणि त्यांच्या लोकांना आत जायला मिळालं ते १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींनी त्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा. सहाशे वर्षं! भक्ती होती, नाम होतं, संतांची संगत होती, आणि तरी माणूस बाहेरच उभा. मग कुणी विचारलं की ह्या समाधानाचं मी करू काय, तर त्याला काय उत्तर देणार?

बाबासाहेब आंबेडकरांनी तेच विचारलं आणि दुसरी वाट धरली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, बरोबर लाखो माणसं होती, आणि त्यांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही आहे, श्राद्धपक्ष पिंडदान करणार नाही आहे, सगळी माणसं समान आहेत असं मानीन हेही आहे. त्यांच्या धम्मात देव नाही, आत्मा नाही, मेल्यावरचा स्वर्ग नाही. माणसाने माणसाशी कसं वागायचं हा त्यांचा मुद्दा, आणि जगात दुःख आहे तर ते ओळखायचं आणि दूर करायचं, हेच काम. आपल्या इथल्या मराठी ग्रुपमधली नागपूरची मावशी १४ एप्रिलला पांढरी साडी नेसून येते ना, तिला विचार, ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगेल, तिची आजी त्या धम्म स्वीकारण्याच्या दिवशी नागपूरच्या मैदानावर होती.

इथे मला गाडगेबाबा आठवतात, कारण ते कुठल्याच खणात बसत नाहीत. अमरावतीकडचे, शाळा शिकलेले नाहीत, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीच्या फुटक्या गाडग्याचा तुकडा. गावात शिरले की आधी रस्ता, गटार झाडायला लागायचे, आणि रात्री कीर्तन, "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला". पण कीर्तनात प्रश्न विचारायचे लोकांना, देवाला बकरं कशाला पाहिजे, कर्ज काढून सण कशाला, आणि भाकरी हातावर घेऊन खा पण पोराला शाळेत घाल. पंढरपूरला जायचे ते चंद्रभागेचं वाळवंट झाडायला. तिथे त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला गाडगेबाबाही गेले. आजोबा त्यांना संत म्हणतात, बाबा त्यांना समाजसुधारक म्हणतो, आणि त्यांचा फोटो मात्र दोघांच्याही खोलीत आहे.

अजून एक जोडी सांगते, तुझ्या टीचरला आवडेल. लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, कॉलेजातले जिवलग मित्र, दोघांनी मिळून शाळा काढली, पेपर काढले, आणि १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढून आले. पुढे फाटलंच. आगरकर पक्के बुद्धिवादी, जे बुद्धीला पटत नाही ते मानायचं नाही, मग ते वेदात असो की आणि कशात, १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचा पेपर काढला, सुधारक, आणि पुण्यातल्या सनातनी लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. परलोकावर भरवसा नसलेल्या ह्या माणसाने एम.ए. होत असताना आईला पत्र लिहिलं होतं की तुझ्या मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की बाकीचा सगळा वेळ मी लोकांसाठी घालवणार. आणि घालवला, दम्याने आजारी असतानासुद्धा, चाळिशी गाठायच्या आतच गेले, १८९५ साली. टिळक मात्र गीतेकडे गेले, मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, त्यात त्यांनी मांडलं की गीता संन्यास घ्यायला सांगत नाही, फळाची आशा सोडून लोकांसाठी कर्म करत राहायला सांगते. बाबा आगरकरांच्या बाजूचा आहे हे वेगळं सांगायला नको, कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना जायचा. ती समिती काढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घातल्या, तेव्हा तू फार लहान होतीस, बाबा त्या दिवशी जेवला नव्हता. हेही माहीत असू दे तुला.

आणि मराठी म्हणजे फक्त हिंदू आणि बौद्ध असंही लिहू नकोस हं. वसईला चर्चमध्ये मराठीत मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते. पंडिता रमाबाई, संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या मुलींना, विधवांना घेऊन केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. रत्नागिरीकडच्या मुसलमान घरात विचारलंस तर सांगतील की हे आयुष्य म्हणजे परीक्षा आहे, हिशोब आखिरतला, म्हणजे मेल्यानंतर देवापुढे, होणार.

एक विनंती आहे. प्रेझेंटेशनच्या शेवटी "सगळ्यांचं म्हणणं शेवटी एकच" असं लिहू नकोस, मुलं नेहमी लिहितात, टीचर्सनाही आवडतं, पण ते खरं नाही. आजोबांना परत जन्म पाहिजे, मावशीच्या धम्मात परत जन्माला येणारा आत्माच नाही, आणि बाबाला वाटतं मेलं की संपलं, म्हणून जे करायचं ते आत्ता. ही तीन उत्तरं वेगळी आहेत, त्यापायी माणसांनी घर सोडलंय, धर्म सोडलाय, जीव गमावलाय. ती वेगळीच राहू देत.

आता तू विचारलंस मी काय मानते. मला पुनर्जन्म खरा वाटत नाही, नवस पटत नाहीत, आणि ठेविले अनंते ऐकलं की मी हल्ली बाबाच्याच बाजूची होते. तरी दिवा लावते, कारण त्या दोन मिनिटांत मी दुसरं काही करत नाही, आजी गेल्यापासून तर मला ते लागतंच. शिवाय वारीतलं ते एकमेकांच्या पाया पडणं, त्यापेक्षा मोठं काही मला अजून तरी कुठे दिसलेलं नाही, आणि ते मला देव न मानताही पटतं. आजोबांना हे अर्धवट वाटेल, बाबाला जुनाट वाटेल, माझी काही हरकत नाही. तुझं ह्यातलं कुठलंच नसलं तरी चालेल, अजून वेळ आहे तुला.

रविवारी आजोबांना व्हिडिओ कॉल कर, पण आपल्या घड्याळात दोन वाजायच्या आत, नंतर तिकडे संध्याकाळ होते आणि ते हरिपाठाला बसतात. कळसाचंच विचार, खूश होतील. स्लाइड्स झाल्या की मला दाखव, सावता माळ्यांचं अरण सोलापूर जिल्ह्यात आहे, नकाशावर नीट टाक.

तुझी,
आई