घरचा सर्व्हर आणि त्याची किल्ली

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही संगणक प्रणाली बसवून, त्याचा सर्व्हर करून घरातील सर्वांची छायाचित्रे आणि कागदपत्रे त्यावर आणण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. यंत्राविषयीचे तुझे प्रश्न नेमके आहेत. मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की, सरकारने आपल्या घरात डोकावू नये म्हणून हा सारा खटाटोप आहे, आणि आईचे म्हणणे असे की लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची. मला अधिक लिहायचे आहे ते याविषयी. तथापि आधी यंत्राचे पाहू.

जुना लॅपटॉप ही चांगली सुरुवात आहे, कारण वीज गेली तरी त्याची बॅटरी त्याला काही काळ सांभाळते. परंतु वर्षानुवर्षे चार्जरला जोडलेली बॅटरी फुगू शकते, आणि फुगलेली बॅटरी घरात ठेवणे धोक्याचे असते. तळ उचललेला दिसला किंवा टचपॅड वर आलेला वाटला, तर ती त्याच दिवशी काढून टाक आणि यंत्र इन्व्हर्टरवर घे. राउटर आणि फायबरची पेटीही इन्व्हर्टरवरच हवी, नाहीतर सर्व्हर चालू आणि घरचे इंटरनेट बंद अशी स्थिती होते. खर्चाची चिंता करू नकोस. 10 वॉट घेणारे यंत्र चोवीस तास चालले तरी महिन्याला सुमारे 7 युनिट होतात. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र ते माळ्यावर ठेवू नकोस. खालच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून थोडे दूर ठेव.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही, ही तुझी तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा इंटरनेट (आयपी) पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यात असेल, तर तुझा इंटरनेट प्रदाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे, आणि मग राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची दारे, उघडलेस तरी उपयोग नाही. अशा वेळी आपलीच यंत्रे बाहेरून सुरक्षितपणे जोडणारी टेलस्केलसारखी सोय वापर, किंवा भाड्याच्या लहानशा सर्व्हरमार्फत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इतरांना वाचता न येणारा खासगी मार्ग, घे. दोन्हींत घरचे एकही दार जगाला उघडे राहत नाही, हा त्यांचा मोठा गुण. ईमेलचा सर्व्हर घरी चालवण्याचा विचार मात्र सोडून दे. घरगुती जोडणीवरून गेलेली पत्रे बहुतेक ठिकाणी स्पॅममध्येच पडतात, आणि एखादा नोकरीचा अर्ज किंवा रुग्णालयाला पाठवलेले पत्र हरवले की घरच्यांचा तुझ्यावरचा विश्वास उडतो.

बॅकअपविषयी सर्वजण तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर असा नियम सांगतात. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. माझी आई पहाटे स्मरण करीत असे, त्याचे ध्वनिमुद्रण मी केले होते आणि त्याचा बॅकअप रोज रात्री न चुकता होत असे. डिस्क गेल्यावर मी तो उघडला, तेव्हा कळले की सात महिन्यांपूर्वी फोल्डरचे नाव बदलल्यापासून तिथे रिकाम्या संचिका जात होत्या. आई तोवर राहिली नव्हती. म्हणून दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक तरी संचिका दुसऱ्या यंत्रावर परत आणून, उघडून, ऐकून पाहा. त्याशिवाय बॅकअप आहे असे म्हणू नकोस.

आता तुझ्या आईच्या प्रश्नाकडे येते.

माझे माहेर महानुभाव पंथातले. चक्रधरस्वामींचे अनुयायी तेराव्या शतकापासून मराठीत लिहीत होते, आणि पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. आजच्या भाषेत त्याला एन्क्रिप्शनच म्हणावे लागेल. शतकानुशतके ते ग्रंथ बाहेरच्या मराठी माणसाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ते उजेडात येऊ लागले. दरम्यानच्या काळात समाजाने काय केले? जे वाचता येत नाही त्यात काहीतरी वाईटच असणार, असे गृहीत धरले. पंथाच्या नावावरून ‘मानभावी’ हा शब्द दांभिक या अर्थाने मराठीत रुळला, आणि शाळेत तो शब्द वाक्यात वापरून दाखवताना मी मान खाली घालत असे. त्या पोथ्यांतून निघाले ते स्वामींच्या आठवणी, दृष्टान्त आणि भक्तीचे काव्य. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर’ हे वाक्य मी या अनुभवातून ऐकते. लपवणाऱ्याचा दोष गृहीत धरण्याची सवय फार जुनी आहे, आणि तिचा फटका बहुधा थोड्या लोकांच्या श्रद्धेलाच बसतो.

तरीही सरकारविषयीची तुझी चीड वाचताना मला माझीच एक चूक आठवली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय पुढे लिहिता येणार नाही. काही वर्षांपूर्वी माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होती. जाहिराती अडवण्यासाठी मी घरात पाय-होल नावाचे सॉफ्टवेअर बसवले होते. घरातील कोणत्या यंत्रावरून कोणत्या संकेतस्थळाची विचारणा झाली, हे त्याच्या नोंदीत ओळीने दिसते. एके रात्री काही बिघाड शोधताना मला तिच्या फोनवरून विशेष विवाहाच्या नोंदणीची माहिती देणारी संकेतस्थळे वारंवार उघडलेली दिसली. तिला ज्याच्याशी लग्न करायचे होते तो मुलगा दुसऱ्या धर्माचा होता, हे मी त्यावरून ताडले. मी तिला काही विचारले नाही. थेट दादाला फोन केला. पुढच्या आठवड्यात दादा तिला घेऊन गेला, आणि त्यानंतर दोन वर्षे ती माझ्याशी बोलली नाही. कुणा यंत्रणेने किंवा कुणा पोलिसाने हे केले नव्हते. तिच्या आत्याने केले होते, तेही काळजीच्या नावाखाली.

त्यानंतर मी 1954 चा विशेष विवाह कायदा नीट वाचला. दोन भिन्न धर्मांच्या व्यक्तींना धर्म न बदलता लग्न करायचे असेल, तर त्यांना आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, आणि तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. एकाच धर्मातल्या हिंदू जोडप्याला 1955 च्या कायद्यात अशी आगाऊ नोटीस लागत नाही. 13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्र शासनाने अशा विवाहांची, पळून जाऊन केलेल्या विवाहांचीही, माहिती घेणारी समन्वय समिती नेमली. तिच्या कक्षेत आधी आंतरजातीय विवाहही होते, ते थोड्याच दिवसांत वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवले गेले. उद्देश कुटुंबांचे सांत्वन आणि मुलींचे रक्षण असा सांगितला गेला. दादाला फोन करताना माझा उद्देशही रक्षणाचाच होता. म्हणून ही समिती मला अन्याय्य वाटते: सज्ञान व्यक्तीच्या निर्णयाची नोंद तिला न विचारता तिसऱ्याच्या हाती देणे हे रक्षण नव्हे. कोणत्याही धर्माने स्वतःच्या मुलींवर पहारा ठेवण्यासाठी शासनाची वही मागू नये. माझ्या पंथानेही मागू नये, कारण पहाऱ्याखाली जगणे म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक असायला हवे.

कायद्याच्या बाजूने तू दोन गोष्टी लक्षात ठेव. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली सांकेतिक माहिती उलगडून देण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो पाळला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा आदेश सामान्यतः गृह सचिव काढतात आणि त्याचा आढावाही सचिवांचीच समिती घेते; वाटेत न्यायाधीश कुठेच लागत नाही. मला या व्यवस्थेतली सर्वांत गंभीर उणीव हीच वाटते, कारण ज्याला माहिती हवी त्यानेच ती घेणे योग्य की अयोग्य हे ठरवावे, याला न्याय म्हणता येत नाही. डिस्क अवश्य एन्क्रिप्ट कर. चोरी झाली किंवा दुरुस्तीला यंत्र दिले, तर तिचा मोठा आधार असतो. फक्त तिच्या जोरावर तू कायद्याच्या पलीकडे गेलास असे समजू नकोस.

दुसरी गोष्ट 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना तो देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी वगळतो, यावर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच आहे. परंतु घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीलाही तोच कायदा वगळतो. म्हणजे तुला आणि मला. तुझ्या सर्व्हरवर रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड तुझ्याकडे असेल, बहिणीची छायाचित्रे आणि वडिलांच्या तपासण्यांचे अहवाल त्यावर असतील, आणि तुला अडवणारे त्या कायद्याचे कोणतेही कलम नसेल.

म्हणून 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे ज्या निकालात एकमताने सांगितले, त्यात शासनासाठी मांडलेली कसोटी तू आपल्या घरात स्वतःला लाव. आधी सांगितलेला नियम आहे का, उद्देश रास्त आहे का, आणि गरजेपेक्षा अधिक पाहिले जात नाही ना? येत्या रविवारी सर्वांना एकत्र बसवून, कोणती नोंद कुठे राहते आणि तुला काय काय दिसू शकते, हे साध्या शब्दांत सांग. ज्याला आपली छायाचित्रे तिथे नको असतील त्याला कारण विचारू नकोस. पाय-होल बसवलेस तर त्याची गोपनीयतेची पातळी 3 वर ठेव आणि विचारणांची नोंद ठेवणेही बंद कर, म्हणजे कोणी काय पाहिले याची नोंदच उरत नाही. मी आज तसेच करते. बिघाड शोधायला थोडा अधिक वेळ लागतो, तो लागू दे.

एन्क्रिप्शनचा सांकेतिक शब्द कागदावर लिहून, लिफाफा बंद करून आईकडे ठेवायला दे. तुला काही झाले तर घरच्यांना आपल्याच आठवणी उघडता आल्या पाहिजेत, आणि लिफाफा फुटला तर तो कोणी फोडला हे सर्वांना दिसले पाहिजे.

माझी भाची आता बोलते. तिचे लग्न झाले, त्याच मुलाशी. माझ्या सर्व्हरवर तिच्या नावाचे खाते आहे. ते रिकामे आहे आणि त्याबद्दल मी तिला कधी विचारलेले नाही.

लॅपटॉप उलटा करून बॅटरी आधी पाहा आणि मला लगेच कळव.

तुझ्या मॅडम