‘क्विस्लिंग’ कोणाला म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: एका अग्रलेखात, ऐन मतदानाच्या तोंडावर पक्ष बदलणाऱ्या नगरसेवकांना ‘क्विस्लिंगांची टोळी’ म्हटलं होतं. क्विस्लिंग म्हणजे देशात घुसलेल्या परक्याला सामील झालेला देशद्रोही. हा शब्द तिथे चालतो का? मराठीत फितूर, घरभेदी असे रोकडे शब्द असताना त्याची गरज काय? आणि लिहायचा कसा, क्विस्लिंग की क्विझलिंग?

पहिल्याचं उत्तर: नाही चालत. त्या मंडळींना दलबदलू म्हणा, आयाराम-गयाराम म्हणा, फारच राग आला असेल तर फितूर म्हणा. क्विस्लिंग ठरायला माणसाच्या खात्यावर तीन गोष्टी जमा व्हाव्या लागतात. परक्याची फौज देशात घुसलेली हवी, तिच्या जोरावर त्याला गादी मिळालेली हवी, आणि घरच्या लोकांनी त्याला आधीच झिडकारलेलं हवं. यातली तिसरी अट बहुतेक जण विसरतात. शब्दातलं सगळं विष मात्र तिच्यातच आहे, आणि ते कळायला नॉर्वेतल्या एका फसलेल्या पक्षाची हकिगत पाहावी लागते.

विद्कुन क्विस्लिंग हा खराखुरा माणूस; शब्द त्याच्याच आडनावावरून आला. जन्म १८८७, टेलेमार्कमधल्या फ्युरेस्दाल गावी, बाप धर्मोपदेशक. लष्करी शिक्षणात अव्वल. ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या हाताखाली १९२२ मध्ये युक्रेनच्या दुष्काळात मदतकार्य केलं, आणि तेही चोख. पुढे मॉस्कोत ब्रिटिशांच्या वकिलातीचं काम पाहिल्याबद्दल ब्रिटिश सरकारने त्याला किताबही दिला होता (१९४० मध्ये तो काढून घेतला, हे ओघानं आलंच). म्हणजे माणूस बिनडोक नव्हता. मे १९३१ मध्ये शेतकरी पक्षाच्या सरकारात तो संरक्षणमंत्री झाला. एप्रिल १९३२ मध्ये त्याने संसदेत, म्हणजे स्टोर्टिंगमध्ये, मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांवर आरोप केला की हे लोक परदेशी पैशावर देशाविरुद्ध कट रचताहेत. इतिहास कधीकधी इतका उघड टोमणा मारतो की कादंबरीत तो कोणी खपवून घेतला नसता.

मंत्रिपद गेलं मार्च १९३३ मध्ये. लगेच मे महिन्यात त्याने स्वतःचा पक्ष काढला: नाशोनाल सामलिंग. ‘सामलिंग’ म्हणजे एकत्र येणं, एकवटणं. नावात ‘पक्ष’ हा शब्द मुद्दाम नाही. आम्ही पक्षबिक्ष नाही, आम्ही अख्खं राष्ट्र, हा त्यातला दावा. सोबतीला योहान बर्नहार्ड योर्ट हा नावाजलेला वकील होता. लाल पार्श्वभूमीवर सोनेरी सूर्य-क्रूस हे चिन्ह. अभिवादनासाठी ‘हाइल ओग सेल’ हे जुन्या नॉर्स भाषेतलं शुभचिंतन उकरून काढलं. गणवेशातल्या दलाचं नाव ‘हिर्द’, म्हणजे मध्ययुगीन राजाच्या खास पदरचे सैनिक. पेशवाईतला ‘हुजरात’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा. सगळा माल जर्मनीचा, वेष्टन तेवढं वायकिंगांचं.

ऑक्टोबर १९३३ च्या निवडणुकीत या पक्षाला २७,८५० मतं पडली, सुमारे २.२ टक्के. जागा शून्य. त्याच निवडणुकीत मजूर पक्षाने १५० पैकी ६९ जागा घेतल्या. तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, २६,५७७ मतं, १.८ टक्के, जागा पुन्हा शून्य.

वेळ तर अशा पक्षाला अनुकूल होती, मग तो का आपटला? जागतिक मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते, कर्जापायी शेतांचे लिलाव होत होते. लिलाव थोपवणारी एक ग्रामीण कर्ज-संकट संघटना होती, तिच्याशी क्विस्लिंगने १९३३ मध्ये हातमिळवणीही केली. पण १९३५ मध्ये मजूर पक्ष आणि शेतकरी पक्ष यांनी तडजोड केली. शेतमालाला आधार, बेकारांना काम, आणि मजूर पक्षाला सरकार असा तो सौदा. ज्या रागावर फासिस्ट पक्ष पोसतात तो राग संसदेतल्या दोन पक्षांनी वाटाघाटीत जिरवून टाकला. दुसरं कारण खुद्द पुढाऱ्याचं. ‘फ्योरर’ म्हणवून घ्यायची हौस दांडगी, पण सभा पेटवणारी जीभ नाही. बोलणं रटाळ आणि तत्त्वज्ञानाच्या धुक्यात हरवणारं. तिसरं, हिटलरच्या जर्मनीत काय चाललंय ते लोकांना दिसत होतं, आणि क्विस्लिंग दरवर्षी त्या बाजूला आणखी झुकत होता. १९३६ च्या पराभवानंतर पक्षात फाटाफूट झाली. १९३७ मध्ये योर्टही बाहेर पडला, आणि पुढे युद्धात जर्मनांनी त्यालाच अटक केली. १९३९ उजाडेपर्यंत उरला तो एक पंथ: थोडे निष्ठावंत, एक वर्तमानपत्र, आणि आपण राष्ट्राचे तारणहार आहोत याबद्दल तिळमात्र शंका नसलेला एक मेजर.

आता शब्दाकडे वळू. ‘क्विस्लिंगर’ हे अनेकवचन नॉर्वेत युद्धाच्या आधीपासून होतं. मजूर पक्षाचे ऑस्कर टॉर्प यांनी जानेवारी १९३३ मध्ये, म्हणजे पक्ष निघण्याच्याही आधी, ते एका मुलाखतीत वापरलं. अर्थ एवढाच: क्विस्लिंगच्या मागे लागलेले लोक. आपल्याकडे पुढाऱ्याच्या नावावरून त्याच्या अनुयायांना चिडवतात, तसा प्रकार. त्यात देशद्रोहाचा वासही नव्हता. तो आला १९४० च्या एप्रिलात.

डिसेंबर १९३९ मध्ये, नाझी पक्षाचा तत्त्ववेत्ता रोझेनबर्ग आणि नौदलप्रमुख रेडर यांच्या मध्यस्थीने, क्विस्लिंग बर्लिनला जाऊन हिटलरला भेटला. इंग्रज नॉर्वेत उतरणार, तुम्ही आधी या, असं त्याचं म्हणणं. एप्रिलच्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये जर्मन हेरखात्याच्या अधिकाऱ्याला त्याने देशाच्या संरक्षणाची माहितीही दिली. पण स्वारीचा दिवस जर्मनांनी त्याला सांगितला नाही, स्वारीच्या आखणीत त्याला घेतलंही नाही. ‘क्विस्लिंगने जर्मनांना दार उघडून दिलं’ असं सर्रास लिहिलं जातं ते इथे चुकतं. त्याने आवतण दिलं. दार जर्मनांनी स्वतःच फोडलं.

९ एप्रिलच्या पहाटे ऑस्लोच्या खाडीत, ऑस्कर्सबोर्गच्या किल्ल्यावरच्या जुनाट तोफांनी आणि पाणतीरांनी ‘ब्ल्यूखर’ ही जर्मन युद्धनौका बुडवली. जर्मनांचं राजधानी घेणं काही तास लांबलं आणि तेवढ्यात राजा, मंत्रिमंडळ आणि संसद ऑस्लोबाहेर निसटले. सिंहासन रिकामं पाहून संध्याकाळी क्विस्लिंग रेडिओवर गेला. मीच आता पंतप्रधान, सैन्याची जमवाजमव रद्द, असं त्याने जाहीर केलं. मंत्र्यांची नावं वाचली, त्यातल्या काहींना आपण मंत्री झालोय याची खबरही नव्हती. एल्वेरुममधल्या कर्नलला त्याने सरकारला अटक करायचा हुकूम दिला. कर्नलने तो धुडकावला. दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूत ब्रॉयर राजा होकोन सातवा याच्यापुढे गेला, तेव्हा क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा ही मागणी त्याच्या खिशात होती. राजाने मंत्र्यांना सांगितलं की या माणसाला जनतेचा आणि संसदेचा विश्वास नाही, मी त्याला नेमणार नाही; तुम्हाला नेमायचाच असेल तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळ राजाच्या पाठीशी राहिलं आणि लढाई चालू राहिली. डेन्मार्क पहिल्याच दिवशी शरण गेला होता. नॉर्वेत बोलणी फिसकटली ती पुष्कळशी क्विस्लिंगच्या नावापायी, म्हणजे गडी धन्याच्याही कामी आला नाही. १५ एप्रिलला, सहा दिवसांनी, जर्मनांनी त्याला बाजूला सारलं.

१९ एप्रिलला लंडनच्या ‘द टाइम्स’ने ‘जिकडे तिकडे क्विस्लिंग’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली अग्रलेख लिहिला, आणि आडनावाचं सामान्यनाम झालं. जून १९४१ मध्ये चर्चिलने भाषणात ‘क्विस्लिंगांची नीच जात’ म्हटल्यावर शब्द जगभर पसरला. त्या काळी एक विनोद फिरत होता. हिटलरच्या दारावर एक माणूस येऊन सांगतो, “मी क्विस्लिंग.” पहारेकरी म्हणतो, “ते कळलं, पण नाव काय?”

पुढची पाच वर्षं शब्दाला आणखी काळोख चढवतात. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन आयुक्त टेरबोवेन याने बाकी सगळे पक्ष बंद केले. नाशोनाल सामलिंग हा एकच कायदेशीर पक्ष उरला. १ फेब्रुवारी १९४२ ला क्विस्लिंगला ‘मंत्री-अध्यक्ष’ केलं गेलं, खऱ्या किल्ल्या मात्र टेरबोवेनच्याच कमरेला. सरकारी जागा, बढती, सगळं हाती असूनही पक्षाची सभासदसंख्या शिखरावर, १९४३ च्या अखेरीस, पंचेचाळीस हजारांच्या आतबाहेरच होती. देशाची लोकसंख्या सुमारे तीस लाख. मतदारांतली टक्केवारी आणि लोकसंख्येतली टक्केवारी एकच नसते हे मान्य, तरी १९३६ चा १.८ हा आकडा आठवल्याशिवाय राहत नाही.

सत्ता मिळूनही ती चालेना, याचा नमुना म्हणजे शिक्षकांचा नकार. फेब्रुवारी १९४२ मध्ये क्विस्लिंगने फर्मान काढलं: सगळ्या शिक्षकांनी सरकारी शिक्षकसंघात यायचं, आणि १० ते १८ वयाच्या मुलांनी पक्षाच्या युवक संघटनेत. शिक्षकांनी मोर्चा काढला नाही. प्रत्येकाने स्वतंत्रपणे, स्वतःच्या सहीने, एकाच मजकुराचं पत्र खात्याला टपालाने धाडलं: हे माझ्या विवेकात बसत नाही. सुमारे चौदा हजारांपैकी बारा हजारांच्या आसपास शिक्षकांनी अशी पत्रं पाठवली. सभा नाही, पुढारी नाही, उचलून न्यायला एक डोकं नाही, त्यामुळे सरकारला पकडायचं कोणाला हेच कळेना. साधारण अकराशे जणांना अटक झाली, शेकडोंना बोटीत कोंबून पार उत्तरेला किर्केनेसला हमालीसाठी नेलं, तरी संघ उभा राहिला नाही आणि शेवटी नाद सोडावा लागला. स्टाबेकच्या शाळेत जाऊन क्विस्लिंग शिक्षकांवर ओरडला की तुम्ही माझं सगळं मातीत घातलंत. तक्रार खरी होती.

जिथे त्याच्या यंत्रणेचं चाललं तिथे काय झालं तेही शब्दासोबत लक्षात ठेवावं. २६ नोव्हेंबर १९४२ ला ‘डोनाऊ’ बोटीतून पाचशेहून जास्त ज्यू ऑस्लोहून रवाना झाले. त्यांना घराघरांतून उचलणारे पोलीस नॉर्वेजियन होते. एकूण सातशे सत्तरच्या वर ज्यू नॉर्वेतून धाडले गेले. चाळीसही जिवंत परतले नाहीत. युद्ध संपल्यावर क्विस्लिंगवर खटला चालला आणि २४ ऑक्टोबर १९४५ ला आकेर्शुस किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या. नॉर्वेने शांतताकाळातली देहदंडाची शिक्षा केव्हाच मोडीत काढली होती. ही शिक्षा लष्करी कायदा आणि परागंदा सरकारच्या वटहुकमांच्या आधारावर झाली.

आता मराठी शब्दांशी ताडून पाहू. ‘फितूर’ मूळचा अरबी, शैथिल्य किंवा बिघाड या अर्थाचा. आपल्याकडे तो आतून फुटलेल्या माणसाला लागतो, आणि कोर्टातला साक्षीदारही फितूर होतो. म्हणजे पल्ला मोठा, वजन कमी. ‘घरभेदी’ गुपित फोडतो, त्याला गादी मिळालीच पाहिजे असं नाही. सूर्याजी पिसाळ लोकस्मृतीत किल्ल्याचं दार उघडणारा आहे (इतिहास संशोधकांत त्यावर वाद आहे, तो इथे नको). क्विस्लिंगने दार उघडलं नाही हे वर आलंच. ‘पंचमस्तंभी’ हा स्पेनच्या यादवीतून, १९३६ च्या माद्रिदमधून आलेला शब्द, आणि पंचमस्तंभी लपून असतो. क्विस्लिंग रेडिओवर जाऊन स्वतःचं नाव सांगतो.

मीर जाफर बराच जवळ येतो: परक्याने बसवलेला, उतरवलेला आणि पुन्हा बसवलेला. पण त्याच्या हाताखाली स्वतःचं लष्कर होतं, म्हणून तर त्याला किंमत आली. राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, पेशवेपदासाठी साष्टी-वसई देऊ केली. त्यांना क्विस्लिंग म्हणायचा मोह होतो, पण दादा पेशव्यांच्या घरातले, अटकेपर्यंत गेलेले, हक्कदार म्हणवू शकणारे. १९४० मध्ये जर्मनांशी शस्त्रसंधी करणारा फ्रान्सचा मार्शल पेतँही या व्याख्येत नीट बसत नाही, कारण त्याला अधिकार फ्रेंच संसदेने मतदान करून दिले होते. क्विस्लिंगपाशी ना हक्क, ना फौज, ना मतं. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण अर्थाने सगळ्यांत जवळची वाटते, फक्त दांड्याला स्वतःची महत्त्वाकांक्षा नसते. म्हणून हा शब्द मराठीत ठेवण्यासारखा आहे, पण मिठासारखा नको वापरायला.

लेखनाबद्दल. नॉर्वेजियन उच्चारात ‘स’ आहे. ‘झ’ इंग्रजांच्या तोंडून आला. मराठीत ‘क्विस्लिंग’ लिहावं. शब्द पुल्लिंगी; अनेकवचनात तसाच राहतो: एक क्विस्लिंग, चार क्विस्लिंग. विभक्ती लावताना क्विस्लिंगाने, क्विस्लिंगांना. खुद्द त्या माणसाबद्दल लिहिताना मात्र आडनावासारखं ‘क्विस्लिंगने’, ‘क्विस्लिंगला’ ठेवावं, म्हणजे विशेषनाम कोणतं आणि सामान्यनाम कोणतं ते वाचतानाच कळतं. विशेषण ‘क्विस्लिंगी’: क्विस्लिंगी सरकार, क्विस्लिंगी मंत्रिमंडळ. भाववाचक हवं असेल तर ‘क्विस्लिंगगिरी’. ‘क्विस्लिंगशाही’ टाळलेलं बरं, कारण शाही म्हणावी अशी सत्ता त्याच्या हातात कधी आलीच नाही.