वाचकांचे प्रश्न : प्रदर्शनातले लव्हबर्ड आणि परीक्षकाची नजर

प्रश्न : बेळगावच्या पक्षी प्रदर्शनात माझा ओपलाईन पीचफेस नर (पीचफेस ही लव्हबर्ड या छोट्या पोपटाची एक जात, ओपलाईन हा तिचा एक रंगप्रकार) पाहायला दिवसभर गर्दी होती, पहिले बक्षीस मात्र शेजारच्या पिंजऱ्यातल्या साध्या हिरव्या पीचफेसला मिळाले. परीक्षक नेमके पाहतात तरी काय? सोबत छायाचित्र पाठवीत आहे. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : परीक्षक आधी बांधा पाहतो, रंगाकडे नंतर वळतो. पिंजऱ्याजवळ गेल्याबरोबर तो निकालही देत नाही. दोन पावले मागे थांबून पक्षी दांडीवर स्थिरावण्याची वाट पाहतो, कारण घाबरून अंग आकसलेल्या पक्ष्याचा खरा बांधा दिसत नाही. डोके रुंद व गोलसर असावे, चोच चेहऱ्यात नीट बसलेली असावी, मानेमागे खाच पडू नये आणि माथ्यापासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ सलग उतरावी, अशी अपेक्षा असते. पंख अंगाशी मिटलेले असावेत आणि त्यांची टोके शेपटीच्या मुळाशी जेमतेम टेकावीत, एकमेकांवर चढू नयेत. लव्हबर्डच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, तीही नखांसकट पाहिली जातात. दोन तुल्यबळ पक्षी समोर आले की एखादे तुटके नखही निकाल फिरवते. चिंचलीच्या मायाक्का यात्रेत खिलार खोंड पारखणारा शेतकरी शिंगांच्या रंगावर भाळत नाही, आधी पाय आणि चाल पाहतो, तसेच हे आहे.

रंगाला गुण असतातच, परंतु ते त्या प्रकाराच्या ठरलेल्या प्रमाणाशी ताडून दिले जातात. ओपलाईनमध्ये चेहऱ्याचा गुलाबी-लाल रंग संपूर्ण डोक्यावर पसरावा लागतो, आणि हिरव्या पीचफेसची शेपटीवरची जी कंबर निळी असते, ती येथे अंगाच्याच रंगाची होते. आपल्या छायाचित्रात नराच्या माथ्यामागे हिरव्या पिसांचे ठिपके स्पष्ट दिसतात आणि उजव्या पंखाचे टोक डाव्यावर चढलेले आहे. गर्दीला हे दिसले नसेल. परीक्षकाला पहिल्या मिनिटातच दिसले असणार. निकालात अन्याय झाला, असे मला तरी वाटत नाही.

नव्या रंगाच्या मागे लागून रंगीत पक्ष्याला रंगीतच जोडीदार देत राहिल्यास दोन-चार पिढ्यांत बांधा हरवतो, ही आपल्याकडच्या हौशी पालकांची नेहमीची तऱ्हा आहे. आपण या नराला रुंद डोक्याची, भरदार अंगाची हिरवी मादी द्यावी. ओपलाईन हा गुण लिंगाशी निगडित असल्यामुळे या जोडीची सर्व मादी पिल्ले ओपलाईनच निघतील. नर पिल्ले हिरवी दिसली, तरी तो गुण पुढच्या पिढीत नेतील. म्हणजे रंग हातचा न जाता बांधा सुधारता येईल.

प्रश्न : माझा फिशर जातीचा लव्हबर्ड ‘मिश्र रक्ताचा’ म्हणून स्पर्धेबाहेर ठेवण्यात आला. त्याच्या आईवडिलांची कोणतीही नोंद परीक्षकांसमोर नव्हती. मग त्यांनी हे कशावरून ठरवले? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : पिसांवरून. डोळ्यांभोवती पांढरे कडे असणाऱ्या फिशर, मास्क, न्यासा आणि ब्लॅकचीक्ड या लव्हबर्डच्या चारही जाती एकमेकींशी जुळतात आणि त्यांची पिल्लेही प्रजननक्षम असतात. त्यामुळे पूर्वी कधीतरी झालेला संकर पिढ्यान्‌पिढ्या पाझरत राहतो. (पीचफेसशी झालेल्या संकराची पिल्ले बहुधा वांझ असतात, म्हणून तो घोळ तिथेच संपतो.) मूळच्या टांझानियातल्या शुद्ध फिशरचा चेहरा नारिंगी-लाल असतो आणि कंबर निळसर असते. माथ्यावर काळपट झाक आली, तर मास्कचा संशय येतो. कंबर हिरवी असेल, तर न्यासाचा. परीक्षक पिंजरा उजेडाकडे वळवतो, तो बहुतेक वेळा ही कंबर पाहण्यासाठीच. असा पक्षी घरी सुखाने पाळावा, मात्र फिशर म्हणून त्याची पैदास पुढे वाढवू नये.

प्रश्न : पायात रिंग नसलेला पक्षी स्पर्धेत घेतात का? सरकारी नोंदणीही लागते का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : रिंगेचा नियम आयोजकागणिक बदलतो, तेव्हा प्रवेशपत्रिका वाचावी. बंद, म्हणजे अखंड कड्याची, रिंग पिल्लाच्या पायात लहानपणीच चढते, मोठ्या पक्ष्याला ती घालता येत नाही. म्हणूनच तिच्यावरील वर्ष व क्रमांक पुरावा ठरतो. नोंदणीचे म्हणाल, तर फिशर आणि मास्क या जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या यादीत असल्याने, वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार, केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते. पीचफेस त्या यादीतून वगळलेला आहे. आपल्या रानातला राघू मात्र नोंदणी करूनही पाळता येत नाही.

प्रश्न : आमची पीचफेस मादी घरी उत्तम दिसते, प्रदर्शनात मात्र पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसते. पिसेही विस्कटतात. काय करावे? (एक वाचिका, शहापूर, बेळगाव)

उत्तर : प्रदर्शनाच्या पिंजऱ्याची तिला सवय नाही. तो पिंजरा मोठ्या पिंजऱ्याच्या दाराला जोडून ठेवावा आणि राळे आत ठेवावेत. ती आपणहून ये-जा करू लागेल. मग तिला बसत्या खोलीत, माणसांच्या वर्दळीत ठेवावे आणि परीक्षक वापरतात तशी बारीक काठी जाळीजवळ हळूहळू फिरवावी.

पिसांचे कारण वेगळे असू शकते. पीचफेसच्या माद्या कागदाच्या लांब पट्ट्या कातरून कमरेच्या पिसांत खोचतात आणि घरट्याकडे नेतात. तळाला वर्तमानपत्र अंथरले असेल, तर ती दिवसभर हेच करीत राहील आणि परीक्षक नेमकी जिथे पाहतो तीच जागा विस्कटलेली दिसेल. कागद काढून टाकावा. तुटलेले पीस आपोआप भरत नाही, ते गळून पडल्यावरच नवे येते. म्हणून पिसांची तपासणी प्रदर्शनाच्या निदान दोन महिने आधी करावी आणि त्या काळात तिला दिवसा, उन्हाची वेळ पाहून, साध्या पाण्याचा फवारा द्यावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पिसे कोरडी होतील.