दुकानच बघायचं, मग इंजिनिअरिंग कशाला?

प्रश्न : लातूरच्या बाजार समितीत आमची आडत आहे. मुलगा बारावी सायन्सला, गणित घेऊन. पुढे दुकानच बघायचं म्हणून बीबीए करतो म्हणतो. घरचे म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, एमबीए काय नंतरही होतं. कुणाचं ऐकावं?
– एक वडील, लातूर

उत्तर : घरच्यांचं निम्मं खरं आहे. एमबीएला कुठलीही पदवी चालते, म्हणून बी.टेक. करून तिकडे वळता येतं. बीबीए करून इंजिनिअरिंगला यायचं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. पण तेवढ्यासाठी मुलाची चार वर्षं अडकवू नका.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी बहुतेक मुलं अडतात ती गणितात. सीईटीला चार पर्याय समोर असतात, उत्तर उलटं घालून पाहता येतं. कॉलेजात तेच गणित पायरीपायरीने कागदावर उतरवावं लागतं. पहिल्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर, म्हणजे एम-१, राहिला की पुढच्या सेमिस्टरला एम-२ सोबत तोही मानेवर बसतो, आणि राहिलेल्या विषयांची संख्या मर्यादेबाहेर गेली की वर्ष जातं. दुसरी अडचण ग्राफिक्सची. समोरून आणि वरून काढलेल्या आकृत्या बघून वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची असते, ते पाठ करून जमत नाही.

बीबीए सोपं म्हणून घेणारेही फसतात. सायन्सच्या मुलाने जमा-नावे कधी लिहिलेलं नसतं, कॉमर्सची मुलं तिथे दोन वर्षं पुढे असतात. निकालाआधीच्या सुट्टीत अकरावी कॉमर्सचं पुस्तपालन रोजकीर्दीपासून तेरीजपत्रकापर्यंत हाताने सोडवून घ्या.

निर्णयाआधी त्याला दोन संध्याकाळी द्या. पहिल्या दिवशी बारावीच्या गणितातलं इंटिग्रेशन काढायचं आणि पर्याय न बघता वीस उदाहरणं पूर्ण मांडायची. दुसऱ्या दिवशी दुकानातला हिशेब. समजा, 10 क्विंटल सोयाबीन 4,500 च्या भावाने घेतलं, म्हणजे 45,000 गुंतले. माल तीन महिने ठेवला, पैशाला महिना दीड टक्का धरला तर व्याज 2,025. ओलावा उतरून वजनात दोन टक्के घट, उरलं 9.8 क्विंटल. तेव्हा 4,800 च्या आसपास भाव मिळाला तर कुठे मुद्दल सुटतं, हमाली आणि गोदामभाडं वेगळंच. हे गणित मांडताना त्याने आपणहून ‘भाव पडला तर?’ असं विचारलं, तर तो मुलगा धंद्याचा आहे. कोणत्या संध्याकाळी तो घड्याळ बघत होता, तेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र त्याच्याशी नीट बोला. आडतच चालवायची असेल तर बीबीए पुरे. पुढे डाळमिल किंवा तेलगाळप टाकायचा विचार असेल, तर यंत्र आणि प्रक्रिया समजणारा माणूस घरातच असणं फार मोलाचं आहे. मग मेकॅनिकल बघा किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातलं अन्नतंत्रज्ञान. त्याची प्रवेशप्रक्रिया इंजिनिअरिंगहून वेगळी असते, तो अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. आमचा कौल अशा घरासाठी अन्नतंत्रज्ञानाकडे आहे.

बीबीए ठरलं तर कॉलेजात जाऊन विचारा : अकाउंट्सला कायम शिक्षक किती? टॅली आणि जीएसटीचं रिटर्न मुलांच्या हातून करून घेता की फळ्यावर दाखवता? आणि हो, 2024 पासून बीबीएलाही वेगळी सीईटी आहे. ती न देता राहिलेली इतकी मुलं निघाली की त्या वर्षी जादा परीक्षा घ्यावी लागली. पेपर 100 गुणांचा, त्यात इंग्रजीच 40 गुणांचं. मराठी माध्यमाच्या मुलाने तयारी तिथून सुरू करावी.

प्रश्न : मी ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. एक एजंट म्हणतो, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट आत्ताच पक्की कर, मुलींना फी माफच आहे.
– एक विद्यार्थिनी, माजलगाव

उत्तर : पैसे देऊ नकोस. 2024-25 पासून तुझ्यासारख्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यात पूर्ण फी भरावी लागते, आणि हे कळतं तोवर मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकलेली असतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर आत्ताच सेतूतून काढून घे, मुदतीची तारीख वाचून घे. जात पडताळणीचा अर्ज बारावीतच केलेला बरा, ऐन जूनमध्ये तिथे रांग लागते. पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाक जे मिळालं तर तू नक्की जाशील. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही.

प्रश्न : बारावीला बायोलॉजी होतं, गणित नव्हतं. इंजिनिअरिंग आणि बीबीएपैकी काय मिळेल?
– एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : बीबीए मिळेल. बी.टेक.च्या कॅपसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. इंजिनिअरिंगच हवं असेल तर बोर्डाकडे स्वतंत्र विषय म्हणून गणिताचा अर्ज भर आणि पुढच्या वर्षी पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची सीईटी दे. त्या पेपरात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात, तेव्हा अकरावीच्या पुस्तकापासून बस.