बिल्डिंगचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

भुसावळहून एका वाचकाचं पत्र आलंय. रेल्वेत नोकरी, वय ५७, तीन वर्षांनी रिटायर. जळगावात तीन मजली, सहा फ्लॅटची बिल्डिंग १ कोटी २० लाखाला मिळतेय, सहाही फ्लॅट भाड्याने गेलेत आणि महिन्याला ४२ हजार येतात असं मालक सांगतो. ८० लाखाचं लोन १५ वर्षांसाठी, साडेनऊ टक्क्याने, पुण्यात नोकरी करणारा मुलगा सहकर्जदार, बाकीचे पीएफ आणि एफडी मोडून. ५१ हजार इसार देऊन झालाय. प्रश्न एवढाच, की व्याज फिक्स (दर तोच राहणारं) घेऊ की फ्लोटिंग (दर वर-खाली होणारं). आणि पार खाली, सहीच्या वर, एक ओळ: "लोन लवकर पास व्हावं म्हणून बँकेतल्या साहेबांनी एक पॉलिसी करायला लावली, वर्षाला ३ लाख, १० वर्षं भरायचे, ती लोनच्या सुरक्षेसाठी आहे, बॉण्ड १२ दिवसांपूर्वी हातात आला."

भाऊ, फिक्स-फ्लोटिंग राहू द्या, आज त्या ओळीचंच बोलू.

बॉण्डच्या, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदाच्या, पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलं. त्यावर विमा रक्कम आहे ३० लाख. लोन ८० लाखाचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेले ५० लाख वहिनी कुठून आणणार? म्हणजे ही लोनची सुरक्षा नाहीये, ही साधी बचतीची पॉलिसी आहे आणि तुम्हाला वेगळंच सांगून गळ्यात मारलीय. १५ वर्षांनी ४२ लाख मिळणार, "पैसे जवळपास दीडपट" असं ऐकवलं असेल. हिशोब करा, १० वर्षांत ३० लाख भरायचे, मग पाच वर्षं वाट बघायची आणि ४२ घ्यायचे, हे वर्षाला सव्वातीन टक्क्याच्या आसपास पडतं. बँकेचं व्याज साडेनऊने भरायचं आणि स्वतःचे पैसे सव्वातीनने ठेवायचे, हा सल्ला कुठला साहेब देतो, मला खरंच राग येतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना सध्या ८.२ देते आणि रिटायर झाल्यावर तुम्ही त्यात ३० लाखापर्यंत ठेवू शकता.

आणि हप्ते मोजा. पगारातून तीन जातील, उरलेले सात पेन्शनमधून. सात त्रिक २१ लाख! तुम्हीच लिहिलंय की पेन्शन महागाई भत्त्यासकट ५८ हजार बसेल आणि त्यातली काही विकायचा, म्हणजे तेवढा भाग सोडून एकरकमी पैसे घ्यायचा, विचार आहे, म्हणजे हातात ४३ हजार. त्यातले २५ हजार दर महिन्याला या पॉलिसीला बाजूला काढणार? मध्येच सोडली तर भरलेल्यातला मोठा भाग बुडतो.

पण वेळ गेलेली नाही. बॉण्ड हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात, कारण पटो न पटो पैसे परत मिळतात, फक्त तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, मेडिकल आणि स्टॅम्पचे किरकोळ पैसे कापतात. तुमचे फार तर १८ दिवस उरलेत. बँकेत त्या साहेबांकडे जाऊ नका, ते "बघतो" म्हणत महिना काढतील. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, मूळ बॉण्ड सोबत, झेरॉक्सवर तारखेसकट पोच घ्या आणि तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. लोन अडेल असं कुणी म्हणालं तर म्हणा, हे लिहून द्या. लिहून देणार नाहीत, कारण लोनसाठी पॉलिसीची सक्ती करता येत नाही. टाळाटाळ झाली तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या IRDAI च्या १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा.

आता बिल्डिंग. स्टॅम्प, रजिस्ट्री धरून ती १ कोटी २८ लाखाला पडेल. भाडं वर्षाला ५ लाख म्हणता, त्यातून महिना-दीड महिना रिकामा फ्लॅट, घरपट्टी, मोटारीचं लाईट बिल, दर दोन-तीन वर्षांनी रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं की हातात ४ लाख. म्हणजे तीन टक्क्यांच्या जरासं वर, जवळपास त्या पॉलिसीइतकेच! पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज साडेसात लाख होतं. हप्ता ८३ हजार, भाड्यातून ३३, खिशातून ५० हजार दर महिन्याला, वयाच्या ७२ पर्यंत. जागेचा भाव वाढेल हो, पण सहा फ्लॅटची अख्खी बिल्डिंग आपल्या इकडे पाहिजे तेव्हा विकली जात नाही, गिऱ्हाईक शोधायला वर्ष जातं. मुलाचं तर आणखी अवघड, हे ८० लाख त्याच्या नावावर लागले की पुण्यात स्वतःच्या घराला लोन मागायला गेला तर बँक आधी हाच हप्ता वजा करणार.

आणि त्या ४२ हजारावर विश्वास ठेवू नका. मागे एका क्लायंटसोबत अशीच बिल्डिंग बघायला गेलो होतो. जिन्याखाली मीटरचा बोर्ड, सहा मीटर, त्यातल्या दोघांवर बोट बोट धूळ आणि चाक हलत नव्हतं, भर उन्हाळ्यात. मालक म्हणे सगळे फ्लॅट भरलेले. म्हणून महावितरणची सहाही बिलं मागा, त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, रिकामा फ्लॅट तिथे लपत नाही. जोडीला महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला (बिल्डिंग राहायला वापरण्याची परवानगी). नकाशात चार फ्लॅट आणि जागेवर सहा, हे मी पाहिलंय.

माझं मत विचाराल तर हा सौदा सोडा, ५१ हजार गेले तरी सोडा. भाड्याचं उत्पन्नच हवं असेल तर लोन न काढता, रिटायर झाल्यावर, एखादाच फ्लॅट.

हां, आणि लोन कधी घेतलंच तर फ्लोटिंग, हातात पैसे आले की दंड न भरता फेडता येतं. पण आधी अर्ज द्या आणि पोचपावतीचा फोटो मला पाठवा, तारीख मी बघतो.