त्या भावाला आज रात्री लिही

*प्रिय मावशी,*

*गेल्या वर्षी एका परक्या शहरात, रात्रीच्या मेट्रोत एका बाईचा खून झाला. गाडी शेवटच्या स्टेशनला लागली तेव्हा ती मागच्या डब्यात सापडली. अंगात निळं जॅकेट, जवळ फोन नाही, ओळखपत्र नाही. कित्येक आठवडे ती कोण हे कुणालाच कळलं नाही. आम्ही काही जण एका ऑनलाइन गटात तिची ओळख शोधत होतो. घरातलं सगळं आवरलं की मी बसायचे ते पहाटेपर्यंत. बेपत्ता बायकांच्या याद्या चाळायच्या, फोटो जुळवायचे, उंची, व्रण, दात बघायचे. नवरा म्हणायचा, हे व्यसन आहे. मला वाटायचं, तिचं कुणीच नाही, निदान आपण तरी आहोत.*

*मधे माझा संशय दुसऱ्याच एका बाईवर होता. ती सहा वर्षांपासून बेपत्ता आहे. भुवईवरचा व्रण आणि उंची अगदी जुळत होती. तिच्या भावाला मी पोलिसांनी काढलेलं रेखाचित्र पाठवून विचारलंही होतं. त्याने वाचलं, पण उत्तर दिलं नाही. ते राहू दे.*

*मग पोलिसांनी ठशांवरून ओळख पटवली. ती भलतीच कुणी निघाली. तिला मुलगी आहे, आणि आम्हाला एकटं सोडा असं तिने कळवलंय. दोन दिवसांत गट ओस पडला. मला मात्र अजून रडू येतं. नवरा म्हणतो, जिला कधी पाहिलं नाहीस तिच्यासाठी कसलं रडतेस? त्याला कसं समजावू? की माझंच काही बिघडलंय?*

*— रात्रभर जागी*

बाई गं,

तुझं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे काटछाट करून छापलंय. नवऱ्याबद्दल तू पानभर लिहिलंस, गटातल्या रुसव्याफुगव्यांबद्दल त्याहून जास्त, आणि त्या भावाबद्दल जेमतेम चार ओळी. त्याही 'ते राहू दे' म्हणून मिटवल्यास. मी त्या चार ओळींवरच बोलणार आहे.

तू एका अनोळखी माणसाला मेलेल्या बाईचं चित्र पाठवलंस आणि विचारलंस, ही तुझी बहीण का? तुझ्या पत्रात हे साधंसुधं वाटतं, कारण तिथे ते उंची आणि व्रण यांच्या मागून येतं. त्याच्या फोनवर ते तसं आलं नसेल. त्याच्याकडे ते कामाच्या वेळात आलं असेल, किंवा जेवताना. त्याने चित्र दोन बोटांनी मोठं केलं असेल. आधी भुवई बघितली असेल, मग कान, मग ओठांची ठेवण. असली चित्रं मृत चेहऱ्यावरून काढतात. डोळे उघडे दाखवतात, चेहरा नीट करतात, त्यामुळे ती थोडीफार कुणासारखीही दिसतात आणि नेमकी कुणासारखीच दिसत नाहीत. सहा वर्षांत बहिणीचा चेहरा त्याच्याही डोक्यात थोडा पुसट झाला असणार. ही ती नाही, असं तो छातीठोकपणे म्हणू शकला नसेल. आईला दाखवावं की नाही यावर त्याची रात्र गेली असेल. त्याने परक्या देशातल्या पोलिसांना फोन लावला असेल, डीएनएचा नमुना द्यायला कुठे जायचं ते विचारलं असेल. आणि यातलं काहीच केलं नसेल तर ते चित्र फोनमध्ये तसंच ठेवून देऊन रोज त्याच्यावरून बोट फिरवलं असेल.

उत्तर आलं नाही याची तू नोंद केलीस. उत्तर का येत नाही, हे एकदाही मनात आलं नाही?

पुढची गोष्ट तर तू लिहिलीच नाहीस. ओळख पटली ती पोलिसांनी मृत बाईच्या मुलीला कळवली, मग नाव जाहीर केलं. तुला ते गटात लगेच कळलं. त्या भावाला कुणी कळवलं? तो तुमच्या गटात नाही. पोलिसांच्या कागदावर त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, त्यांनी त्याला का कळवावं? त्याच्या घरात ही शंका आणली ती तू एकटीने. ती काढू शकणारीही तूच एकटी आहेस, आणि तू तिकडे बसून माझ्याकडे नवऱ्याची तक्रार करतेस.

माझा हेतू वाईट नव्हता, असं तू म्हणशील. नसेलच. पण तुझी जुळणीही फार कच्ची होती, ते आधी ऐक. बेपत्ता माणसाची उंची म्हणजे घरच्यांच्या आठवणीतला अंदाज असतो. भुवईवरचे व्रण लहानपणी पडलेल्या निम्म्या पोरांना असतात. मोठ्या दुर्घटनांतल्या मृतांची ओळख पटवण्याचे इंटरपोलचे जे निकष आहेत, त्यात मुख्य पुरावे तीन: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कपडे, दागिने, व्रण, गोंदण हे सगळं जोडीला. नुसत्या चेहऱ्यावरून पटवलेली ओळख तर तिथे पुरेशी मानतच नाहीत, मग ती सख्ख्या नातेवाइकाने पटवलेली का असेना. शवागारात समोर उभं राहूनही आईबापांची चूक होते. तू रेखाचित्र आणि जुना फोटो शेजारी ठेवून ठरवलंस.

आणखी एक. अमेरिकेत नॅमअस नावाची सरकारी नोंदवही आहे, बेपत्ता माणसांची आणि अनोळखी मृतांची. तिथे एखाद्या मृताच्या पानावर, हा मृत यांच्यापैकी नाही म्हणून तपासून वगळलेल्या लोकांची नावंही दिलेली असतात. म्हणजे नाव सुचणं वेगळं आणि ते तपासून वगळणं वेगळं, आणि त्या दुसऱ्या कामाचीही रीतसर नोंद राहते. तुमच्या गटात सुचवायला सगळे पुढे होते. वगळलेलं नाव पुसायला कोण होतं?

असं याआधी झालेलं आहे, आणि त्याचं काय होतं तेही जगाने पाहिलंय. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. पोलिसांनी दोन संशयितांचे फोटो जाहीर केले आणि रात्रीतून इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी ठरवून टाकलं की त्यातला एक म्हणजे महिनाभरापासून बेपत्ता असलेला एक विद्यार्थी. त्याच्या घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी फेसबुकवर पान काढलं होतं, त्यावर शिव्यांचा पाऊस पडला. नंतर तो मुलगा नदीत मृत सापडला. स्फोटाशी त्याचा काही संबंध नव्हता. ज्यांनी ते सगळं लिहिलं, ते पुढच्या विषयाकडे वळले. त्या घराला वळायला जागा नव्हती.

न्यूयॉर्कचं तर तुझ्याच विषयातलं. २२ डिसेंबर २०२४ ला कोनी आयलंडच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत झोपलेल्या एका बाईला पेटवून मारलं. ओळख जाहीर व्हायला वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. तेवढ्या दिवसांत इंटरनेटवर तिला एक खोटं नाव देऊन झालं होतं, संगणकाने बनवलेला एका तरुण, गोड मुलीचा फोटोही फिरत होता. लोकांनी त्या फोटोखाली श्रद्धांजल्या वाहिल्या. खरी बाई सत्तावन्न वर्षांची होती. लोकांना शोक करायला सुद्धा मनाजोगता चेहरा लागतो, याची मला त्या वेळी फार चीड आली होती.

लोकांच्या मदतीचा काहीच उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. १९९२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला एका नदीत एका बाईचं प्रेत सापडलं. खून झाला होता, नाव माहीत नव्हतं. हातावर काळ्या फुलाचं, हिरव्या पानांचं गोंदण होतं. २०२३ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या पोलिसांनी इंटरपोलबरोबर अशा बावीस बायकांची माहिती लोकांपुढे ठेवली. ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांपैकी कुणीतरी बातमीत ते गोंदण पाहिलं, ओळखलं आणि पोलिसांना कळवलं. एकतीस वर्षांनी तिला नाव मिळालं. यात कुणी कुणाच्या दारात गेलं नाही, हे बघ. गोंदण सगळ्यांपुढे होतं, आणि ज्यांचं माणूस होतं ते आपल्या पायांनी आले. तुला काही जुळलं असं वाटलं होतं तर ते तपास करणाऱ्या पोलिसांकडे द्यायचं आणि गप्प बसायचं. ठशांनी किंवा दातांनी त्यांनी ते नाव काढून टाकलं असतं, आणि त्या भावाला काही कळलंही नसतं.

आता काय करायचं ते. आधी गटात जा. त्याच्या बहिणीचं नाव, तिचा फोटो, तू दोन चेहरे शेजारी शेजारी लावून केलेलं ते चित्र, तुझ्या हातात आहे तेवढं सगळं काढ. जे दुसऱ्यांनी उचलून पुढे लावलं असेल, ते काढायला चालकांना सांग. कारण उद्या त्या घरातल्या कुणी तिचं नाव शोधलं तर पहिलं तेच दिसणार.

मग त्याला लिही. हे एवढंच:

*काही महिन्यांपूर्वी मी तुम्हाला एक चित्र पाठवून ती तुमची बहीण आहे का असं विचारलं होतं. त्या बाईची ओळख पोलिसांनी ठशांवरून पटवली आहे. ती तुमची बहीण नाही. माझा तपासाशी काही संबंध नव्हता आणि मी तुम्हाला लिहायला नको होतं. तुमच्या बहिणीचं नाव आणि फोटो मी जिथे टाकले होते तिथून काढले आहेत. माझी चूक झाली. मी पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही.*

यात एक ओळही वाढवू नकोस. तुला किती वाईट वाटलं, तू किती रात्री जागलीस, तुला किती रडू येतं, यातलं काही नको. तू तुझं दुःख लिहिलंस की त्याला तुझी समजूत काढावी लागेल, आणि तेवढं तरी त्याच्या माथी मारू नकोस. डीएनए कुठे द्यायचा, कुठल्या नोंदवहीत नाव घालायचं, हेही सांगू नकोस. सहा वर्षं बहीण शोधणाऱ्या माणसाला ते तुझ्याआधीच माहीत आहे. दुसरी एखादी जुळणी तुझ्याकडे तयार असेल, आणि मला तुझ्यासारख्यांचा थोडा अनुभव आहे म्हणून विचारते, असेलच, तर ती अजिबात नको. जुना मेसेज पुसू नकोस. त्याला ते दोन्ही मेसेज एकाखाली एक वाचायला हवे असतील.

तो रागावेल, शिव्या देईल, किंवा पुन्हा काहीच लिहिणार नाही. तिन्ही त्याचे हक्क आहेत. मेसेज वाचला गेला की नाही, हे बघत बसू नकोस.

तुझं रडू खोटं आहे असं मला वाटत नाही. पण ज्या बाईसाठी तू रडतेस तिला आता नाव आहे, मुलगी आहे, आणि त्या मुलीने सगळ्यांना लांब राहायला सांगितलंय. तिथे तुझं काम संपलं. राहिलेलं काम या दुसऱ्या घरी आहे.

नवऱ्याला कसं समजवायचं ते मला हे झाल्यावर विचार. तोवर त्याला हा भावाचा भाग सांग. माझा अंदाज आहे, तू त्यालाही तो सांगितलेला नाहीस.

— मावशी