गॅलरी आत घेतली, ऊनही आत आलं

प्रश्न: आम्ही नेरूळला ११व्या मजल्यावर राहतो, हॉल पश्चिमेला, समोर खाडी. मागच्या वर्षी गॅलरी आत घेतली आणि वरपासून खालपर्यंत स्लायडिंगच्या काचा लावल्या, दिसतं झकास, पण दुपारी ३ नंतर हॉलमध्ये बसवत नाही, एसी १८वर असला तरी पडद्याला हात लावला की गरम. मुलगा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे, तो म्हणतो आई, मॉडर्न म्हणजे काचच, आणि अमेरिकेतल्या एका काचेच्या घराचा फोटो दाखवतो. तिथे राहणाऱ्यांना उकडत नव्हतं का हो?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: ताई, उकडत होतं की! तो फोटो बहुतेक फार्न्सवर्थ हाउसचा असणार, शिकागोजवळ प्लॅनोला आहे, १९५१ साली मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टने बांधलेलं, चारी बाजूंनी काच आणि ८ स्टीलच्या खांबांवर उचललेलं. दिसायला अप्रतिम, त्यात वादच नाही. पण उन्हाळ्यात घर तापायचं, हवा खेळायला दारं आणि दोन छोट्या खिडक्या एवढंच, आणि ज्या डॉक्टरीणबाईंसाठी ते बांधलं त्या आणि मीस शेवटी कोर्टात भांडले.

मुलाला सांगा, त्याच काळात अहमदाबादला ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टने मिल ओनर्स असोसिएशनची, म्हणजे गिरणीमालकांच्या संघटनेची, इमारत बांधली, १९५४ची, तीही मॉडर्नच आहे. तिची पश्चिमेची बाजू बघायला लावा त्याला. रस्त्याच्या त्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या जाड पट्ट्या आहेत आणि त्या मुद्दाम तिरक्या वळवल्यात, कारण संध्याकाळचं ऊन खालून, आडवं येतं, वर नुसता छज्जा काढून ते अडत नाही. पूर्वेला साबरमती, तिकडे मात्र पट्ट्या सरळ, म्हणजे नदी दिसते आणि वाराही आत येतो. उत्तर-दक्षिणेला जवळजवळ बंद विटांच्या भिंती. एकाच इमारतीला प्रत्येक दिशेला वेगळा चेहरा, आणि आपल्याकडे बिल्डर चारी बाजूंना तीच खिडकी छापतो!

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र मुंबईतलं आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा, १९८३चं, राहत्या घरांचं, २८ मजली. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच, जुन्या बंगल्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता, खोल्यांभोवती व्हरांडा. कोरियांनी तोच व्हरांडा टॉवरमध्ये वर नेला, कोपऱ्यात दोन मजले उंचीची मोकळी गच्ची कोरून काढली, घर तिच्या मागे सावलीत. आपली गॅलरी म्हणजे त्याच व्हरांड्याचं नातवंड हो, आणि आपण सगळे (मीसुद्धा, लाज वाटते सांगायला) २५ चौरस फुटांसाठी ती आत घेतो. परवानगी घेतली होती का ते मी विचारत नाही.

आता उपाय. पडदा आतून लावून फार उपयोग नाही, काचेतून ऊन एकदा आत आलं की उष्णता आतच राहते, पडदा फक्त डोळ्यांवरची तिरीप थांबवतो. काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावली तर थोडा फरक पडेल. खरा फरक काचेच्या बाहेर ऊन अडवलं तर. म्हणजे स्लायडिंग उचलून जुन्या दाराच्या रेषेत मागे न्या, गॅलरी पुन्हा मोकळी करा आणि तिच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक सोडा. हॉल लहान होईल, कबूल, पण तसाही ३ नंतर तिथे कोणी बसत नाहीये ना. सोसायटीला आधी विचारा, बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर कमिटी लगेच पत्र काढते. आणि ११व्या मजल्यावर खाडीचा वारा आहे, चिक वर आणि खाली दोन्हीकडे घट्ट बांधा आणि जून उजाडला की सरळ गुंडाळून माळ्यावर टाका.